बेसचं बोट धरून ‘येस’ ऐकताना

‘येस’ हा इंग्लंडचा प्रोग्रेसिव्ह रॉक (म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) बँड 1968 साली लंडनमध्ये सुरू झाला. 2023 साली आलेला ‘मिरर टू द स्काय’ हा त्यांचा 23वा स्टुडिओ अल्बम. मधल्या काळात गायक बदलले, कीबोर्डवाले तर इतक्यांदा आले-गेले की नव्या माणसाला हिशेब लागत नाही. एका अल्बमवर वीस-वीस मिनिटांच्या रचना, तर दुसऱ्यावर रेडिओवर गाजलेलं चार मिनिटांचं गाणं. दोन्हींवर नाव एकच.

म्हणून नवा श्रोता बहुतेक दोनपैकी एका ठिकाणी अडकतो. तो पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकायला बसतो आणि दुसऱ्यापर्यंत पोचताना कंटाळतो. किंवा ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ हे त्यांचं गाजलेलं गाणं आवडलं म्हणून पुढचा कुठलातरी अल्बम लावतो आणि तिथे अचानक अठरा मिनिटांचं गाणं अंगावर येतं. जुन्या चाहत्यांचीही एक अडचण असते. ते 1971 ते 1974 या चार वर्षांतच फिरत राहतात, बाकीच्या अल्बमकडे परत जायचं राहूनच जातं.

दोघांनाही माझं एकच सांगणं आहे. या बँडचं बोट धरायचं असेल तर ते ख्रिस स्क्वायरच्या बेस गिटारचं धरा. 1969 सालच्या पहिल्या अल्बमपासून 2014 सालच्या ‘हेवन अँड अर्थ’पर्यंत येसच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर वाजलेला तो एकमेव माणूस. आणि त्याचा बेस शोधावा लागत नाही. बहुतेक रॉक बँडमध्ये बेस खाली राहून आधार देतो. स्क्वायरचा बेस पुढे येऊन बोलतो. रिकनबॅकर कंपनीचं वाद्य, बोटांऐवजी पिकने, म्हणजे छोट्या पातळ पट्टीने, छेडलेल्या तारा, आणि आवाज एकाच वेळी बेसच्या आणि गिटारच्या अशा दोन अँप्लिफायरमधून काढायची त्याची पद्धत. त्यामुळे खालचा घुमारा आणि वरची धार दोन्ही एकत्र ऐकू येतात. एकदा तो आवाज ओळखीचा झाला की माणसं कितीही बदलोत, आपण कुठे आहोत हे कळत राहतं.

पहिली पायरी: ऐकायची तयारी

तयारी थोडीशीच आहे, पण ती टाळू नका. शफल बंद करा. गाणी एकमेकांना जोडून वाजतील, मध्ये शांततेचा तुकडा येणार नाही, अशी सेटिंग करून घ्या. येसच्या अल्बमवर अनेकदा एक गाणं दुसऱ्यात सरळ उतरतं. शक्य असेल तर हेडफोन वापरा, कारण डाव्या-उजव्या बाजूंचा खेळ इथे फार आहे. फोनच्या स्पीकरवर येस ऐकू नका. त्यावर बेस जवळजवळ नाहीसाच होतो, आणि आपण तर त्याचंच बोट धरणार आहोत.

अल्बम निवडताना दोन गोष्टी तपासा. एक, गाण्याची लांबी. ‘राउंडअबाउट’ अल्बमवर साडेआठ मिनिटांचं आहे. अमेरिकेत सिंगल काढताना ते कापून साडेतीन मिनिटांच्या आत बसवलं होतं, आणि ती आवृत्तीही सगळीकडे फिरत असते. दोन, अल्बमच्या शेवटी जोडलेली जादाची गाणी. नव्या आवृत्त्यांमध्ये सरावाच्या फिती, सिंगलच्या आवृत्त्या वगैरे शेवटी लावलेल्या असतात. पहिल्या ऐकण्यात मूळ अल्बम जिथे संपतो तिथेच थांबा. मूळ गाण्यांची यादी आधी बघून घेतली की पुरे.

तिसरी गोष्ट तबकडीची बाजू. 1970च्या दशकातले हे अल्बम एलपीसाठी रचलेले आहेत, आणि तबकडीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. ‘क्लोज टू द एज’ या रचनेने अख्खी एक बाजू व्यापली आहे. म्हणून एका बैठकीला एक बाजू हे माप मला सगळ्यात योग्य वाटतं. दोन बाजूंच्या मध्ये उठा, पाणी प्या, वाटलं तर दुसरी बाजू उद्या ऐका.

दुसरी पायरी: ‘द येस अल्बम’ आणि ‘फ्रॅजाइल’

दोन्ही 1971 साली इंग्लंडमध्ये आले. क्रमाने हे तिसरा आणि चौथा अल्बम, पण सुरुवात इथूनच करायची.

‘द येस अल्बम’वर गिटारवादक स्टीव्ह हाऊ पहिल्यांदा येतो आणि बँडचा चेहरामोहराच बदलतो. ‘स्टारशिप ट्रूपर’ लावा. नऊ मिनिटांच्या या गाण्याचे तीन भाग आहेत. शेवटच्या भागात फक्त तीन स्वरमेळ पुन्हा पुन्हा येतात, दुसरं काही नाही. पहिल्यांदा ते दुरून आल्यासारखे हळू, मग प्रत्येक फेरीला एकेक वाद्य चढत जातं, आणि शेवटी हाऊच्या दोन गिटार डाव्या-उजव्या कानांत एकमेकींशी सवाल-जवाब करतात. लांब गाणं कंटाळवाणं न होता कसं वाढवायचं, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा ठाऊक नाही. हा भाग ऐकताना गिटारकडे लक्ष द्यायचा मोह होईल. एकदा तसं ऐका आणि दुसऱ्यांदा फक्त बेस धरून बसा. तेच तीन स्वरमेळ तो प्रत्येक फेरीत कसे थोडे थोडे वेगळे वाजवतो ते जाणवेल.

याच अल्बमवरच्या ‘पर्पेच्युअल चेंज’मध्ये एक जागा अशी आहे की अख्खा बँड एका कानात एक रचना वाजवतो आणि तोच बँड दुसऱ्या कानात वेगळ्या तालातली दुसरी. अर्थात वेगवेगळं ध्वनिमुद्रण करून ते एकत्र आणलं आहे. हेडफोनचा आग्रह धरला तो अशा जागांसाठी.

‘फ्रॅजाइल’वर टोनी के जाऊन रिक वेकमन कीबोर्डवर आला. के हॅमंड ऑर्गनवर खूश होता, मेलोट्रॉन (फितीवर साठवलेले सूर वाजवणारा कीबोर्ड) आणि सिंथेसायझर त्याला फारसे नको होते. बँडला नेमके तेच आवाज हवे होते. वेकमन अनेक कीबोर्डच्या गराड्यात उभा राहून वाजवणारा. हा अल्बम नवख्यासाठी उत्तम आहे, कारण त्याची मांडणीच एखाद्या ओळखपरेडसारखी आहे: चार गाणी पूर्ण बँडची आणि पाच छोटे तुकडे एकेका सदस्याच्या कल्पनेचे. वेकमनने ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीतला एक भाग कीबोर्डवर मांडला आहे, गायक जॉन अँडरसनने स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवले आहेत, हाऊची एकट्याची गिटार आहे, ड्रमर बिल ब्रुफर्डचा अर्ध्या-पाऊण मिनिटाचा वाकडातिकडा तुकडा आहे. पाचवा तुकडा स्क्वायरचा, ‘द फिश’. ‘फिश’ हे त्याचं टोपणनाव होतं. या तुकड्यातला जवळजवळ प्रत्येक सूर बेस गिटारचा आहे: खालचा ठेका, मधली धून, वरचे चमकते स्वर. सात मात्रांचं आवर्तन आहे, बोटांवर मोजून बघा. चार-पाच फेऱ्यांत सम सापडते, आणि मग मोजायची गरजच उरत नाही.

हे ऐकून झालं की ‘राउंडअबाउट’कडे या. सुरुवातीला फुगत येणारा आवाज पियानोच्या सुराचा आहे, फीत उलटी वाजवून मिळवलेला. मग हाऊची गिटार. साधारण पाऊण मिनिटाने बेस शिरतो, आणि तिथून पुढे गाणं त्याच्या तालावर चालतं. शेवटचं ‘हार्ट ऑफ द सनराइज’ मात्र अल्बमचा कळस आहे. झंझावाती सुरुवातीनंतर सगळं थांबतं आणि मागे मेलोट्रॉनचा पडदा ठेवून बेस आणि ड्रम्स हळूहळू जवळ येत जातात. इथे ब्रुफर्डच्या स्नेअर ड्रमचा टणक, कोरडा आवाज कानात साठवून ठेवा. पुढच्या पायऱ्यांवर त्याची आठवण लागेल.

तिसरी पायरी: ‘क्लोज टू द एज’

1972 सालचा हा अल्बम. तीनच रचना. माझ्या मते येसने केलेलं सर्वात पूर्ण काम हेच, आणि म्हणून इथे घाई नको. आधीचे दोन अल्बम अंगवळणी पडेपर्यंत याला हात लावू नका.

शीर्षकरचना पावणेएकोणीस मिनिटांच्या आसपास आहे. पाणी आणि पक्षी यांचे आवाज हळूहळू चढतात आणि एकदम बँड कोसळतो. त्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत गिटार, बेस, ड्रम्स तिघं तीन दिशांना पळत असल्यासारखे वाटतात. बरेच जण इथेच बंद करतात. तुम्ही करू नका. तिथे फक्त बेसची धाव धरा. तो चढत-उतरत एक वाट आखत असतो आणि बाकीची वाद्यं तिच्याभोवती फिरतात. मग गिटारवर मुख्य धून येते आणि तिथून रचना उलगडायला लागते.

तिचे चार भाग आहेत. पहिल्या दोन भागांतली गायनाची चाल जवळजवळ एकच आहे, पण तिच्याखालचा ताल बदलला आहे. पहिल्या ऐकण्यात हे कळत नाही. पुढे कधीतरी ध्यानात येतं की अरे, हीच ओळ मघाशी वेगळ्या चालीवर पाऊल टाकत होती. तिसऱ्या भागात सगळं थबकतं. बेस मागे सरतो, आणि दोन वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी गायल्या जातात: अँडरसन एक, स्क्वायर आणि हाऊ दुसरी. स्क्वायर लहानपणी चर्चच्या गायकवृंदात गायला होता, आणि येसच्या गाण्यांतल्या सामूहिक गायनाला जो उंच, स्वच्छ गाभा आहे तो बराचसा त्याच्यामुळे. म्हणजे बेस नसला तरी तो माणूस आहेच. नंतर घुमतो तो चर्चचा ऑर्गन खरा आहे; लंडनमधल्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमध्ये वेकमनने तो वाजवला. चौथ्या भागात हॅमंड ऑर्गनचा तुफान तुकडा, पहिल्या भागाची चाल नव्या उंचीवर, आणि शेवटी परत पाणी आणि पक्षी.

अँडरसनच्या शब्दांचं काय करायचं, हा प्रश्न इथे हमखास पडतो. या रचनेमागे हेरमान हेसेच्या ‘सिद्धार्थ’ कादंबरीची प्रेरणा आहे, नदीकाठची प्रतिमा तिथून आली. तेवढं माहीत असू द्या आणि ओळीओळीचा अर्थ लावत बसू नका. अँडरसन शब्द निवडतो ते आधी त्यांच्या नादासाठी. त्याचा आवाज एक वाद्य समजून ऐका, अर्थाचे तुकडे आपोआप जुळत जातील.

दुसऱ्या बाजूला ‘अँड यू अँड आय’ आणि ‘सायबेरियन खाट्रू’. पहिलं बारा तारांच्या गिटारवर उभं राहतं आणि मधेच आभाळाएवढं होतं. दुसरं वेगवान, टणक, आणि मला वाटतं कोणालाही पहिल्याच वेळी आवडेल असं. त्यात वेकमनचा हार्पसिकॉर्डचा तुकडा आहे. त्याच्याखाली बेस कसा धावतो ते सोडू नका.

मुखपृष्ठही जरा बघा. रॉजर डीनने काढलेलं बँडचं गोलाकार वळणांचं नाव या अल्बमवर पहिल्यांदा आलं.

ज्यांना हा अल्बम वर्षानुवर्षं पाठ आहे त्यांच्यासाठी एक काम. स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने मूळ मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्य वेगळं टिपलेल्या) फितींवरून येसच्या पाच अल्बमचे नवे मिक्स केले आहेत: ‘द येस अल्बम’, ‘फ्रॅजाइल’, ‘क्लोज टू द एज’, ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ आणि ‘रिलेयर’. ते 2013 ते 2016 या काळात आले. रीमास्टर आणि रीमिक्स यांत फरक आहे. रीमास्टरमध्ये तयार मिक्सचाच आवाज साफ केला जातो. रीमिक्समध्ये प्रत्येक वाद्याची पातळी आणि जागा नव्याने ठरवली जाते. नवख्यांनी मूळ मिक्स आधी ऐकावा, तो ध्वनिमुद्रक-निर्माता एडी ऑफर्ड आणि बँडने मिळून ठरवलेला तोल आहे. जुन्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकावेत. वर सांगितलेली ती गोंधळाची सुरुवात विल्सनच्या मिक्समध्ये कितीतरी सुटी होते.

चौथी पायरी: ‘येससाँग्स’

‘क्लोज टू द एज’चं ध्वनिमुद्रण झालं आणि ब्रुफर्ड बँड सोडून ‘किंग क्रिम्सन’मध्ये गेला. दौरा तोंडावर होता. अॅलन व्हाइट आला. जॉन लेननच्या ‘इमॅजिन’वर ड्रम्स वाजवलेला हा माणूस, काही दिवसांत ही सगळी गुंतागुंत शिकून मंचावर बसला. 1973 सालच्या तीन तबकड्यांच्या ‘येससाँग्स’ या लाइव्ह अल्बमवर बहुतेक ठिकाणी तोच आहे, पण ‘पर्पेच्युअल चेंज’वर आणि ‘द फिश’ असलेल्या तुकड्यावर ब्रुफर्ड. एकाच अल्बमवर दोघांची तुलना करता येते. ब्रुफर्ड मात्रांच्या मधल्या जागांत खेळतो, व्हाइट समेवर वजन टाकतो. त्यानुसार स्क्वायरही बदलतो. व्हाइटसोबत त्याचा बेस जास्त भारदस्त होतो. ही जोडी 2015 सालापर्यंत टिकली.

आवाज थोडा गढूळ आहे. ते सोसून ऐकण्यासारखा अल्बम आहे.

पाचवी पायरी: मोठा चढ

‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा डिसेंबर 1973चा दुहेरी अल्बम. चार बाजू, चार रचना, एकूण ऐंशी मिनिटांहून जास्त. इंग्लंडमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि तरीही चाहत्यांमध्ये आजपर्यंत सगळ्यात जास्त वाद याच्यावरच होतात. वेकमनला तो पटला नाही आणि दौऱ्यानंतर त्याने बँड सोडला.

मराठी वाचकाला याची जन्मकथा वेगळ्या कारणाने रोचक वाटेल. किंग क्रिम्सनच्या जेमी म्यूरने अँडरसनला परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचायला सुचवलं. 1973च्या मार्च महिन्यात टोकियोच्या हॉटेलात ते वाचताना एका तळटीपेवर त्याची नजर थांबली. शास्त्रांचे चार प्रकार सांगणारी ती टीप: श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं. चार बाजूंच्या अल्बमचा सांगाडा त्याला तिथे मिळाला. आपल्याला हे शब्द घरचे असल्यामुळे गाण्यांत वेद-पुराणांचा आशय शोधायचा मोह होतो. तो बाजूला ठेवा. अँडरसनने घेतली ती चौकट. आत भरलं आहे ते त्याचं स्वतःचं, समुद्र, सूर्य, आठवण आणि प्रार्थना यांचं जग.

हा अल्बम पहिल्या बाजूपासून ऐकू नका. चौथ्या बाजूपासून सुरू करा. ‘रिच्युअल’मध्ये चाल लगेच मनात बसते, मध्यभागी स्क्वायरचा बेस एकटा पुढे येतो, मग तालवाद्यांचं थैमान, आणि शेवट अतिशय हळवा. त्यानंतर पहिली बाजू, ‘द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड’. 2003 सालच्या आवृत्तीत तिच्या सुरुवातीला सुमारे दोन मिनिटांची प्रस्तावना परत जोडलेली आहे, मूळ तबकडीवर ती नव्हती. मला ती असलेली जास्त भावते, कारण मंत्रासारखं सुरू होणारं गायन त्या धुक्यातून वर येतं. तिसरी बाजू सगळ्यात खडबडीत. तिचा शेवटचा भाग, हाऊच्या गिटारवरचं शांत गाणं, आधी ऐका आणि मग मागे जा. दुसरी बाजू शेवटी ठेवा. ती लांबते हे खरं आहे. पण चाली ओळखीच्या झाल्या की ती लांबण सुखाची वाटू लागते.

‘रिलेयर’ (1974) यापेक्षा लहान पण जास्त धगधगीत. वेकमनच्या जागी स्वित्झर्लंडचा पॅट्रिक मोराझ. ‘द गेट्स ऑफ डेलिरियम’ ही पहिली बाजू पूर्ण व्यापणारी रचना टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’वरून सुचलेली: युद्धाची हाक, लढाई, विजयाचा जल्लोष आणि शेवटी शांततेची विनवणी. लढाईतला तो लोखंडी खणखणाट खऱ्या धातूचा आहे, मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग आणून वाजवलेला. या सगळ्या गदारोळात बेस कुठे आहे हे पकडायला मला सगळ्यात जास्त आवडतं. आणि मग शेवटची पाच-सहा मिनिटं येतात. लढाई सोसली असेल तरच त्यांचा परिणाम होतो, म्हणून तेवढाच भाग वेगळा काढून ऐकू नका.

इथे एक आडवळण घ्याच: स्क्वायरचा 1975 सालचा स्वतःचा अल्बम ‘फिश आउट ऑफ वॉटर’. त्या काळात पाचही सदस्यांनी आपापले अल्बम काढले. याच्यावर गिटार जवळपास नाही. बेस, वाद्यवृंद, चर्चचा ऑर्गन, स्क्वायरचा स्वतःचा आवाज आणि ड्रम्सवर ब्रुफर्ड. येसमधला कुठला भाग त्याचा होता याचं उत्तर इथे मोकळेपणाने मिळतं.

सहावी पायरी: वेकमन परत, आणि मग नवं दशक

‘गोइंग फॉर द वन’ (1977) स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावात ध्वनिमुद्रित झाला. वेकमन परतला होता. जवळच्या वेवे गावातल्या चर्चचा ऑर्गन तो तिथे बसून वाजवायचा आणि आवाज टेलिफोनच्या तारांवरून स्टुडिओत यायचा. ‘पॅरलल्स’ हे स्क्वायरचं गाणं आणि पंधरा मिनिटांचं ‘अवेकन’ यांत तो ऐकू येतो. ‘अवेकन’ला अनेक जुने चाहते बँडच्या सर्वोत्तम रचनांत धरतात, मीही धरतो. ‘टॉर्माटो’ (1978) घाईने ऐकला तरी चालेल. आवाज पातळ आहे आणि बेस व कीबोर्ड एकमेकांच्या जागेवर चढतात. त्यातलं स्क्वायरचं ‘ऑनवर्ड’ मात्र चुकवू नका.

1980 साली अँडरसन आणि वेकमन दोघंही गेले. त्यांच्या जागी आले ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाऊन्स, म्हणजे आदल्या वर्षी ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ गाजवणारी ‘बगल्स’ ही जोडी. अँडरसनशिवाय येस ही कल्पना तेव्हा अनेकांना सहन झाली नाही, आणि त्या नाराजीखाली त्या वर्षीचा ‘ड्रामा’ हा अल्बम दबला. जुन्या चाहत्यांनी पहिल्यांदा परत जायचं असेल तर इथे जावं. ‘मशीन मसायाह’ची सुरुवात जड, काळोखी आहे, ‘डझ इट रिअली हॅपन?’ बेसनेच उघडतं, आणि ‘टेम्पस फ्युजिट’मध्ये स्क्वायर ज्या वेगाने आणि ज्या नेमकेपणाने वाजवतो त्याला तोड नाही. गायक नवा असताना बँडची ओळख कोणी सांभाळली, हे या अल्बमवर कोणालाही ऐकू येईल.

‘90125’ (1983) वेगळ्याच जगातला. त्याचं नाव हा कंपनीचा कॅटलॉग क्रमांक. स्क्वायर आणि व्हाइटने दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर रॅबिनसोबत ‘सिनेमा’ नावाने नवा बँड उभा केला होता, टोनी के परत आला होता, आणि हॉर्न आता निर्माता होता. काम बरंच पुढे गेल्यावर स्क्वायरने अँडरसनला फिती ऐकवल्या, तो गायला तयार झाला आणि ‘सिनेमा’चा ‘येस’ झाला. ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ जानेवारी 1984 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे या बँडला तेवढं एकदाच जमलं. ज्यांची येसशी ओळख या गाण्याने झाली आहे त्यांनी आता पुन्हा ते लावावं. ‘फ्रॅजाइल’ आणि ‘ड्रामा’ ऐकून आलेल्या कानांना त्यातला बेस आणि सामूहिक गायन ओळखीचं वाटेल. ‘लीव्ह इट’ हे जवळजवळ आवाजांवरच उभं असलेलं गाणं ‘क्लोज टू द एज’च्या तिसऱ्या भागाचं भावंड आहे, कपडे तेवढे वेगळे.

सातवी पायरी: राहिलेलं सामान

आता पहिले दोन अल्बम ऐका, म्हणजे ते गोड लागतील. ‘टाइम अँड अ वर्ड’ (1970) वर वाद्यवृंद आहे, आणि तो गिटार-ऑर्गनवर कुरघोडी करतो. त्याच्या लगेच पाठीमागे 2001 सालचा ‘मॅग्निफिकेशन’ लावा. तेव्हा बँडमध्ये कीबोर्डवाला नव्हता आणि त्या जागी पुन्हा वाद्यवृंद घेतला. एकतीस वर्षांत या लोकांनी वाद्यवृंदाला जागा द्यायला कसं शिकलं ते या जोडीत उठून दिसतं. ‘मॅग्निफिकेशन’ला त्याच्या योग्यतेइतके श्रोते मिळाले नाहीत, याची मला मनापासून खंत आहे.

1989 साली अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि हाऊ यांनी स्वतःच्या आडनावांनी एक अल्बम काढला. बेसवर टोनी लेव्हिन, फार मोठा वादक. चौघं जुन्या येसचे, मुखपृष्ठ रॉजर डीनचं, तरी काहीतरी वेगळं लागतं. आतापर्यंत आपण ज्याचं बोट धरून आलो तो इथे नाही, आणि त्याच्या नसण्याने काय बदलतं ते लेव्हिनसारख्या वादकासमोर आणखी स्पष्ट होतं. ‘युनियन’ (1991) मध्ये हा गट आणि स्क्वायरचा येस असे दोन्ही गट एका नावाखाली आणले. गाणी मात्र आपापली वेगळीच राहिली. त्यातली दोन-चार निवडून ऐका. ‘टॉक’ (1994) मधली शेवटची लांब रचना आणि ‘द लॅडर’ (1999) मधलं ‘होमवर्ल्ड’ वेळ देण्यासारखं. ‘ओपन युअर आइज’ सगळ्यात शेवटी, आणि राहिला तरी चालेल. ‘फ्लाय फ्रॉम हिअर’ (2011) ‘ड्रामा’ आवडलेल्यांसाठी: हॉर्न निर्माता, डाऊन्स कीबोर्डवर आणि मुख्य रचनेचं मूळ 1980 सालच्या गाण्यात.

आठवी पायरी: स्क्वायरनंतर

27 जून 2015 रोजी स्क्वायर गेला. आजारपणात त्याने आपल्या जागी बिली शेरवुडला उभं राहायला सांगितलं होतं, आणि तो आजही ती जागा सांभाळतो. व्हाइट 2022 मध्ये गेला. ‘द क्वेस्ट’ (2021) आणि ‘मिरर टू द स्काय’ (2023) हे दोन्ही अल्बम हाऊने निर्माता म्हणून घडवले, गायक जॉन डेव्हिसन.

हे अल्बम जुन्यांशी तुलना करत ऐकू नका, ते वेगळ्या वयाचं संगीत आहे: संथ, मोकळं, हाऊच्या गिटारभोवती विणलेलं. शेरवुड आवाजाची ती धार राखतो पण पुढे धावत येत नाही. मला ते बरोबर वाटतं. ‘द क्वेस्ट’मधलं पहिलं गाणं ‘द आइस ब्रिज’ आधी लावा. शेवटाकडे हाऊ आणि डाऊन्स यांची एकमेकांना उत्तरं देण्याची जागा आहे. ती जमली की ‘मिरर टू द स्काय’चं जवळजवळ चौदा मिनिटांचं शीर्षकगीत, पूर्ण, मध्ये न थांबता.